गोव्यात कॉफी नाही, मग लेकीने कॉफीवर संशोधन का करावं?

पत्र: आम्ही वाळपईजवळच्या गावात राहतो, छोटं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, जीवशास्त्रात हुशार. दिवाळीत नात्यातल्या लग्नाला चिकमंगळूरला गेलो होतो. तिथले कॉफीचे मळे पाहून आली आणि तेव्हापासून ‘मला कॉफीवर संशोधन करायचंय’ हे एकच धरून बसली आहे. हे म्हणतात, गोव्यात कॉफी कुठे? शेतीच शिकायची तर बारावीत एवढे क्लास कशाला लावले? मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. तशी आमच्या कुळागरात विहिरीपाशी कॉफीची तीन जुनी झाडं आहेत, आजेसासऱ्यांनी लावलेली. — एक आई, सत्तरी तालुका

ताई,

आधी भाऊंच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या, प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो रास्त आहे. गोव्यात व्यापारी कॉफी जवळजवळ नाही. लेकीला या क्षेत्रात काम मिळालंच, तर ते बहुधा घाटापलीकडे मिळेल. ही गोष्ट तिच्याशी आजच स्पष्ट बोला. पण तिचा विषय गोव्याला परका आहे, हे काही मला पटत नाही.

पावसाच्या तोंडावर तुमच्याकडे पोफळीला बोर्डो मारतात ना? सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी. कॉफीच्या मळ्यातही मोरचूद-चुन्याचं हेच मिश्रण फवारतात, तिथे मुख्यतः तांबेऱ्यासाठी, म्हणजे पानांवर नारिंगी पूड आणणाऱ्या बुरशीसाठी. आणि कॉफीच्या फांद्या-पानं कुजवणाऱ्या एका बुरशीला शास्त्रीय नावच ‘कोलेरोगा’ असं मिळालं आहे, कानडी शेतकऱ्यांच्या तोंडच्या शब्दावरून. तुमच्या लेकीने हा शब्द लहानपणापासून ऐकला आहे. शहरातल्या मुलांना तो पुस्तकातून पाठ करावा लागतो.

हा तांबेरा साधा रोग नाही. 1869 मध्ये तो सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी इतकी बसली की मळेवाल्यांनी चहा लावला. रोगाला तोंड देणारं झाड मिळालं ते पार आग्नेय आशियातल्या तिमोर बेटावर. 1920 च्या दशकात तिथे अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जातींचा निसर्गतःच झालेला संकर सापडला. त्या बेटाचा पूर्व भाग तेव्हा आपल्यासारखाच पोर्तुगिजांकडे होता. त्या एका झाडाच्या वंशातून जगभर रोगप्रतिकारक वाण निघाले. आपल्याकडचा ‘कावेरी’ त्यातलाच. पण बुरशीही बदलत राहते. काही वर्षांत कावेरीवर तांबेरा दिसू लागला आणि शास्त्रज्ञांना पुन्हा कामाला लागावं लागलं. 2007 मध्ये आलेला ‘चंद्रगिरी’ हा त्यापुढचा वाण.

इथे तुम्हाला या कामाचा खरा स्वभाव सांगते. कॉफीचा संकर करायचा म्हणजे फूल उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने कळीतले पुंकेसर काढायचे, फांदीला पिशवी बांधायची आणि दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. फळ पिकायला आठ-नऊ महिने. त्या बियांच्या रोपांना धड पीक यायला तीन-चार वर्षं. मग निवड, पुन्हा लागवड, पुन्हा निवड. असा वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. भारतातले बहुतेक कॉफी उत्पादक दहा हेक्टरच्या आतले छोटे शेतकरी आहेत. त्यांना एवढी वाट पाहणं परवडत नाही, आणि खाजगी कंपनीलाही त्यात फारसा रस नसतो. म्हणून हे काम सरकारी आणि सार्वजनिक पैशावर चालायला हवं, आणि ते चिकाटीने करणारी मुलं हवीत. चिकमंगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला कॉफी बोर्डाची केंद्रीय संशोधन संस्था 1925 पासून हेच करते आहे.

कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्गमध्ये) एका मळ्यात मी पाहिलेलं सांगते. एक बाई काथ्याचा हातमोजा घालून अरेबिकाचं एकेक खोड घासत होती. मी विचारलं, तर तिने सालीचा एक सुटा पापुद्रा उचलून दाखवला. खोडकिड्याची मादी अशाच फटींत अंडी घालते. अळी आत शिरली की वरून खोडावर उंचवटे दिसतात, पानं पिवळी पडतात, आणि झाड उपटून जाळण्यावाचून इलाज राहत नाही. खोडावर ऊन पडलं की हा किडा जास्त येतो, म्हणून सावलीची झाडं राखायची. सावली जास्त झाली तर फळ कमी धरतं आणि बुरशी माजते. नेमकी किती सावली ठेवायची, आणि पाऊस असा लहरी झाल्यावर ती कशी बदलायची, हे प्रश्न अजून संपलेले नाहीत. लेकीला असलं काही ऐकून रात्री झोप लागत नसेल, तर तिला अडवू नका.

आता वाट कशी धरायची ते. ‘कॉफी’ नावाची पदवी शोधू नका. तिला बी.एस्सी. ॲग्री करू द्या, चार वर्षांची. गोव्यातच केपे तालुक्यात सुळकर्णेचं डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय आहे. मराठी मुलुखात दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे. कोडगूत पोन्नमपेटला वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, सावलीच्या झाडांत रस असेल तर तेही पाहा. बाहेरच्या राज्यांतल्या कृषी विद्यापीठांत अखिल भारतीय कोट्याच्या ज्या जागा असतात, त्यांसाठी सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म चुकवू नका. पुढे एम.एस्सी.ला वनस्पती प्रजनन, कीटकशास्त्र किंवा रोगशास्त्र यातलं एक घट्ट पकडायचं. कॉफीतल्या जागा मोजक्या असतात आणि दरवर्षी निघतीलच असं नाही. पण कीटकशास्त्र नीट शिकलेल्या मुलीला काजूतला खोडकिडाही कळतो, आणि काजू तर गोव्याचाच. पीएचडी धरून नऊ-दहा वर्षं लागतील. भाऊंना हा आकडा लपवू नका.

त्याआधी एक दिवस काढून तिला एल्ल्याला, जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत घेऊन जा. खारट खाजन जमिनीत तग धरणाऱ्या आपल्या कोरगुट भातातून निवड करून त्यांनी ‘गोवा धान’ वाण काढले आहेत. आपल्याच शेतातलं जुनं बियाणं शास्त्रज्ञ कसं हाताळतात, ते तिने तिथे पाहावं. भाऊंनाही बरोबर न्या, विनंती आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कुळागरात विहिरीपाशी कॉफीची तीन जुनी झाडं आहेत, आजेसासऱ्यांनी लावलेली. कॉफीची कळी कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या चांगल्या सरीने जागी होते आणि आठ-दहा दिवसांत फुलते. बारावीची परीक्षा झाली की लेकीला वही घ्यायला सांगा. सर कधी आली, किंवा पाणी कधी दिलं, कोणत्या झाडाला फूल कोणत्या दिवशी दिसलं, त्यातल्या किती गुच्छांना फळ धरलं, एवढंच लिहायचं. तिन्ही झाडांची पानं उलटून नारिंगी पूड दिसते का तेही पाहायचं. जूनमध्ये ती वही मला पाठवा, मी पूर्ण वाचेन.