साताऱ्यातील संस्थेतून दत्तक गेलेल्या स्त्रीला आपले जन्मदाते, गाव आणि कुळ शोधता येते का?

होय, ताई, तुम्हाला तो हक्क कायद्याने आहे. दत्तक विनियम, 2022 नुसार अठरा वर्षे पूर्ण केलेली दत्तक व्यक्ती स्वतः 'मूळ शोधा'साठी, म्हणजे आपल्या जन्मदात्यांच्या शोधासाठी, अर्ज करू शकते. दत्तक आईवडिलांची संमती लागत नाही, मात्र तुमच्या वतीने त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही.

अर्ज ज्या संस्थेतून दत्तक गेलात तिच्याकडे, साताऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे करावा. कारा 1990 मध्ये स्थापन झाली. तुमचे दत्तकविधान त्याआधीचे असेल, तर जिल्हा न्यायालयातील आदेशाची नक्कल आणि दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवले असल्यास त्याची प्रत आधी मागावी. संस्थेची प्रवेश नोंदवहीही आवर्जून पाहायला मागा: मूल कोणी आणले, कुठे सापडले, अंगावर काय होते, अशी एखादी ओळही गावाच्या दिशेने नेऊ शकते. कुलदैवत किंवा आडनाव तिथे सहसा मिळणार नाही, हे जड मनाने सांगतो.

जन्मदात्रीने मूल सोपवताना ओळख गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर तिच्या संमतीशिवाय ती उघड होत नाही, आणि ते मला न्याय्य वाटते. त्या काळी अविवाहित मातेला गावात काय सोसावे लागले असेल, याचा विचार करावा. ती सापडलीच नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोडले गेले याची माहिती तुम्हाला मिळायला हवी, आणि ती अर्जातच लेखी मागून ठेवावी.