पहिलं शील आणि पांढरा रस्सा

भावा, बौद्ध धम्माचं पंचशील, म्हणजे पाच नियम, घेतलंस की पहिल्या शिलापाशीच, जीवहत्या न करण्यापाशी, अडखळशील, म्हणून आधी तेच बघ. हत्या पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात: जिवंत प्राणी, तो जिवंत असल्याची जाणीव, मारण्याची चेतना (म्हणजे हेतू), प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. रंकाळ्यावर फिरताना नकळत मुंगी चिरडली, तर चेतनाच नाही, मग हत्येचं कर्मही नाही. पांढऱ्या रश्श्यासाठी दुकानातलं कापलेलं मटण आणलंस तर हे शील मोडत नाही. 'आमच्यासाठी हा बकरा काप' म्हणालास की मोडलं, सुरी दुसऱ्याच्या हातात असली तरी. मटण विकण्याचा धंदा मात्र उपासकाला, म्हणजे गृहस्थ बौद्धाला, वर्ज्य पाच व्यापारांत येतो.

पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतलंस तर मध्यान्हानंतर जेवण नाही. कोल्हापुरात सूर्य साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो, तरी बारालाच ताट आवर. त्या दिवशी तिसरं शील पूर्ण ब्रह्मचर्याचं होतं, हे बरेच जण विसरतात.

पुनर्जन्मावरून लगेच वाद घालत बसू नकोस. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो, असं बुद्धांनी सांगितलेलंच नाही. सगळे भोग पूर्वकर्माचे, हेही नाही: बुद्धांच्या मोलियसीवक सुत्तात (प्रवचनात) पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी वेदनेची आठ कारणं आहेत, कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, त्यातलं फक्त शेवटचं. आजाऱ्याला 'मागच्या जन्माचं फेडतोय' म्हणणाऱ्याला तेवढं वाचायला दे.