रग्बी लीगचा खेळाडू पुढे कोच होतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही लीड्सजवळ राहता, मुलगा चौदा वर्षांचा, एका रग्बी लीग (रग्बीचा तेराजणांचा प्रकार) क्लबानं त्याला स्कॉलरशिप गटात, म्हणजे होतकरू पोरांच्या तयारीच्या गटात, घेतलंय. घरात आनंद आहे, पण आजी-आजोबांसकट सगळ्यांना एकच घोर लागलाय: तिशी-पस्तिशीत खेळ संपला की पोरगं करणार काय? कुणीतरी म्हणालं, "काय नाय, कोच होईल." तर तसं खरंच होतं का, आणि चांगला खेळाडू चांगला कोच होतोच का?

मी विगनमध्ये सतरा वर्षं राहतोय. कोच वगैरे नाही, आमच्या गल्लीतल्या क्लबात बारा वर्षांखालच्या पोरांना पाण्याच्या बाटल्या देणं आणि चिखलातले शंकू गोळा करणं एवढाच माझा अधिकार. पण या गावात रग्बी लीग कानावर पडल्याशिवाय दाढीसुद्धा होत नाही. जे पाहिलं-ऐकलं ते सांगतो.

आधी साधा हिशेब. सुपर लीगमध्ये, म्हणजे रग्बी लीगच्या इथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, डझनभर-दीड डझन क्लब. प्रत्येकाला मुख्य कोच एकच. दर वर्षी निवृत्त होणारे खेळाडू किती, हे तुम्हीच मोजा. तेव्हा "कोच होईल" हा बेत म्हणून चालत नाही. सोबत शिक्षण किंवा हातात एखादं काम हवंच, त्यात दुमत नाही. तो विषय इथेच सोडतो.

दुसरा प्रश्न मात्र मला जास्त आवडला, आणि त्याचं उत्तर द्यायला या गावचाच माणूस घेतो: शॉन एडवर्ड्स.

जन्म १९६६, विगन. वडील जॅकी एडवर्ड्स वॉरिंग्टन क्लबाकडून हाफबॅक, म्हणजे डाव रचणारा खेळाडू, म्हणून खेळायचे. मणक्याच्या दुखापतीनं त्यांचा खेळ तरुणपणीच संपला. घरात असं घडल्यावर आपल्याकडचे आईबाप पोराला मैदानाच्या आसपास फिरकू देणार नाहीत. जॅकींनी उलट केलं, पोराला स्वतः तयार केलं. शॉन शाळेत असताना रग्बी लीग आणि रग्बी युनियन (मूळची पंधराजणांची रग्बी), दोन्हीकडे इंग्लंडच्या शालेय संघाचा कर्णधार होता. सतराव्या वाढदिवशी, ऑक्टोबर १९८३ मध्ये, विगन क्लबानं त्याला ३५,००० पौंडांना करारबद्ध केलं, आणि ती सही सकाळच्या टीव्हीवर दाखवली. पुढच्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, अजून सतराचाच असताना, तो लंडनच्या वेम्बलीवर चॅलेंज कपची, म्हणजे लीगच्या बाद पद्धतीच्या मोठ्या स्पर्धेची, फायनल खेळला. विडनेसनं विगनला १९–६ असं हरवलं.

त्यानंतर जे झालं ते इथले म्हातारे अजून बोटांवर मोजून दाखवतात. १९८८ ते १९९५ सलग आठ वर्षं चॅलेंज कप विगनकडे. १९८८ च्या फायनलला हॅलिफॅक्सविरुद्ध एडवर्ड्स कर्णधार होता, वय एकवीस. १९९० च्या फायनलमध्ये सुरुवातीलाच त्याच्या गालाचं हाड मोडलं, तरी तो शेवटपर्यंत खेळला, आणि विगननं वॉरिंग्टनला ३६–१४ हरवलं. (हे शौर्य म्हणून सांगतात. आज डॉक्टर त्याला बाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. तुमच्या सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवू नका.) विगनसाठी ४६७ सामने, २७४ ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की एक ट्राय). १९९२ मध्ये स्विंटनविरुद्ध एकाच सामन्यात दहा.

हा २७४ आकडा लक्षात ठेवा. कारण हाच माणूस पुढे जगभर ओळखला गेला तो दुसऱ्यांना ट्राय न करू देण्यासाठी.

हे कसं, ते समजायला दोन्ही खेळांतला फरक थोडा बघावा लागेल. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब मूळ रग्बीपासून वेगळे झाले. भांडण पैशाचं होतं. खाणीत, गिरणीत राबणाऱ्या खेळाडूची शनिवारची मजुरी बुडायची, ती भरून द्या, एवढंच मागणं. दक्षिणेतल्या शिकलेल्या साहेबमंडळींना ते पटलं नाही. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी कबड्डी कशी जगवली हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात कुणाची बाजू घ्यायची हे सांगायला नको. वेगळे झालेल्यांचा खेळ म्हणजे लीग, उरला तो युनियन. पुढे लीगनं खेळाडू पंधराचे तेरा केले. टॅकल झाला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडलं, की खेळ क्षणभर थांबतो, पडलेला उठतो, चेंडू पायानं मागे सरकवतो, बचाव करणारे दहा मीटर मागे हटतात आणि पुन्हा सुरू. असे सहा टॅकल, मग चेंडू समोरच्याला.

म्हणजे लीगमध्ये बचाव ही एक वेगळी कारागिरीच झाली. मागे पळा, रांग धरा, पुढे या, पाडा, पुन्हा मागे पळा. ऐंशी मिनिटं. कबड्डीतली साखळी आठवा. मध्यरक्षक एक पाऊल पुढे गेला आणि कोपरारक्षक जागेवरच राहिला, की चढाईवाला त्याच फटीतून निसटतो. इथेही तसंच, फक्त हात धरलेले नसतात आणि समोरून येणारा शंभर किलोचा असतो.

युनियनमध्ये टॅकलनंतर खेळ थांबत नाही. पडलेल्या चेंडूवर झुंबड उडते, आणि बराच काळ तिकडच्यांचं डोकं त्या झुंबडीत, स्क्रममध्ये (खांद्याला खांदा लावून रेटारेटी) आणि लाइनआउटमध्ये (कडेवरून आत फेकलेला चेंडू झेलणं) गुंतलेलं असायचं. रांगेनं बचाव कसा करावा यावर फारसं कुणी बसून काम करत नव्हतं. आणि लीगवाल्याला विचारायची सोयही नव्हती. १९९५ च्या ऑगस्टपर्यंत युनियन हौशी खेळ होता, आणि लीगमध्ये जो खेळला त्याला युनियनची दारं बंद. ते बंधन उठलं आणि दोन-चार वर्षांत लीगची माणसं तिकडे डिफेन्स कोच, म्हणजे बचाव शिकवणारे, म्हणून दिसू लागली. ऑस्ट्रेलियाकडे जॉन मगल्टन गेला, आणि १९९९ चा वर्ल्ड कप त्यांनी जिंकला तो अख्ख्या स्पर्धेत एकच ट्राय खाऊन. इंग्लंडच्या २००३ च्या विजेत्या संघाचा डिफेन्स कोच फिल लार्डर, तोही लीगचाच.

एडवर्ड्स २००१ मध्ये लंडनच्या वॉस्प्स या युनियन क्लबाकडे कोच म्हणून गेला. १९९७ मध्ये विगन सोडल्यावर तो लंडन ब्रॉंकोजकडून खेळला होता, मधे थोडा काळ ब्रॅडफर्डकडून. गंमत अशी, की याच वॉस्प्सला विगननं १९९६ मध्ये त्यांच्याच खेळात, ट्विकनम या युनियनच्या लंडनमधल्या मैदानावर, मिडलसेक्स सेव्हन्स या सातजणांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये हरवलं होतं. वॉस्प्समध्ये कोच वॉरन गॅटलंड त्याच्यासोबत होता. २००३, २००४, २००५ अशी सलग तीन प्रीमियरशिप (इंग्लंडच्या युनियन क्लबांची मुख्य स्पर्धा), २००४ मध्ये युरोपचा हायनेकेन कप. गॅटलंड गेल्यावर २००७ मध्ये पुन्हा हायनेकेन कप, २००८ मध्ये पुन्हा प्रीमियरशिप. यातलं पहिलं वर्ष त्याच्यासाठी काळं होतं: धाकटा भाऊ बिली-जो, विगनचाच खेळाडू, २००३ मध्ये मोटार अपघातात गेला. वय वीस.

त्यानं वॉस्प्सला जे शिकवलं त्याला ब्लिट्झ म्हणतात. समोरचा चेंडू घेतो न घेतो तोच अख्खी रांग त्याच्या अंगावर धावून जाते, आणि बाहेरच्या कडेचा बचावपटू जरा पुढे निघून आतल्या बाजूला वळतो. बाहेर मोकळी जागा दिसत असते, पण तिथे चेंडू पोचवायची वाटच बंद. धोकाही मोठा: एकजण उशिरा निघाला की मागे अख्खं मैदान उघडं. म्हणून ही पद्धत कागदावर सोपी आणि दमलेल्या पायांवर महाकठीण.

आता माझं मत. आपल्याकडे म्हणतात ना, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. एडवर्ड्स हाफबॅक. हाफबॅकचं काम म्हणजे ऐंशी मिनिटं समोरच्या रांगेकडे बघत राहायचं: कोण धापा टाकतोय, कोण गुडघ्यावर हात टेकून उभा आहे, कुणाच्या खांद्यापलीकडे हातभर फट पडलीय. आणि त्याच्या ट्रायपैकी कितीतरी दुसऱ्यानं रांग फोडल्यावर त्याच्या खांद्याशी धावून मिळवलेल्या. जुनी चित्रफीत लावून बघा. कॅमेरा रांग फोडणाऱ्यावर असतो आणि डावीकडून-उजवीकडून कुठून तरी सात नंबर, म्हणजे एडवर्ड्स, उगवतो. पुढे काय होणार हे त्याला आधी दिसायचं. कोच झाल्यावर त्यानं तीच नजर उलटी फिरवली, एवढंच. ज्या फटी आयुष्यभर शोधल्या, त्या बुजवायला घेतल्या.

२००७ च्या वर्ल्ड कपमध्ये वेल्स फिजीकडून ३४–३८ हरून बाहेर पडलं. कोचला काढलं, गॅटलंडला आणलं, त्यानं एडवर्ड्सला. फेब्रुवारी २००८ मध्ये ट्विकनमवर इंग्लंडविरुद्ध पहिलाच सामना, ६–१९ असे पिछाडीवर, आणि वेल्सनं तो २६–१९ जिंकला. त्या सिक्स नेशन्सचे (युरोपातल्या सहा देशांची दर वर्षीची स्पर्धा) पाचही सामने जिंकले, यालाच ग्रँड स्लॅम म्हणतात. पाच सामन्यांत खाल्लेल्या ट्राय दोन. खेळाडू बरेचसे तेच होते. २०१२ आणि २०१९ मध्ये पुन्हा ग्रँड स्लॅम. मग तो फ्रान्सकडे गेला, २०२२ मध्ये त्यांना बारा वर्षांनी ग्रँड स्लॅम मिळाला, २०२५ मध्ये पुन्हा सिक्स नेशन्स. विगनचा हेल काढून बोलणारा माणूस फ्रेंच खेळाडूंवर फ्रेंचमध्ये ओरडतो, हे ऐकून आमच्या चिप्सच्या दुकानातल्या आजी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

पण सगळं गोडगोड नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये विगननं जाहीर केलं की एडवर्ड्स २०२० पासून मुख्य कोच म्हणून घरी येतोय. गावात दिवाळी. पुढच्या वसंतात कळलं, तो येत नाही. ज्या माणसानं या गावाला एवढं दिलं त्याला इथल्या पबमध्ये त्या आठवड्यात जे ऐकवलं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. मला वाटतं, गावानं जरा जास्तच मनाला लावून घेतलं. पण हेही खरं, की रग्बी लीगनं घडवलेला बहुधा सगळ्यात नावाजलेला कोच, आणि त्यानं एकाही मोठ्या लीग क्लबचा मुख्य कोच म्हणून एक हंगाम काढलेला नाही. त्याच्याच विगन संघातून आलेला अँडी फॅरेलही आयर्लंड आणि २०२५ च्या लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्र संघ) दौऱ्याचा मुख्य कोच झाला, तोही युनियनमध्येच. पैसा तिकडे जास्त, संघ जास्त, नोकऱ्या जास्त. तुमच्या "कोच होईल"मध्ये हा पण एक रस्ता आहे, तो सहसा कुणी सांगत नाही.

म्हणजे मोठा खेळाडू मोठा कोच होतो असं नाही. मी पाहिलेल्यांत कोचिंगमध्ये टिकले ते अंगापेक्षा डोळ्यांनी खेळणारे. आणि चुकतात तेही. १९९४ मध्ये वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या कसोटीत ग्रेट ब्रिटनचा कर्णधार असताना एडवर्ड्सनं ब्रॅडली क्लाइडला मानेवर टॅकल केला आणि पहिल्या हाफमध्येच रेफरीनं एडवर्ड्सला बाहेर काढलं. राहिलेल्या बाराजणांनी उरलेला बराचसा वेळ बचाव करून सामना ८–४ जिंकला. पुढच्या थोर डिफेन्स कोचची ही डिफेन्समधली कामगिरी. इथे आजही कुणी एडवर्ड्सची फार स्तुती केली की दुसरा हळूच "क्लाइड" म्हणतो.

विगनचं जुनं मैदान, सेंट्रल पार्क, १९९९ नंतर पाडलं. तिथे आता टेस्को आहे. मी तिथेच कोथिंबीर घेतो.

तुमच्या मुलाबद्दल एकच सांगतो. पुढच्या सामन्याला त्याच्या हातात चेंडू असताना फोनवर शूटिंग करा, आजीला पाठवायला. पण चेंडू पलीकडच्या कडेला असेल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि तो काय करतोय ते बघा. उभा आहे, की शेजारच्याला ओरडून काही सांगतोय? दोन-तीन सामने बघून इथे लिहा, मग पुढचं बोलू. आणि माउथगार्ड दंतवैद्याकडून मापाचा करून घ्या, दुकानातला गरम पाण्यात वाकवायचा नको. आमच्या पोरांपैकी निम्मी तो तोंडात कमी आणि मोज्यात जास्त ठेवतात, कारण तो बसतच नाही.