स्टार्टर मागवायच्या आधी अर्थिंग बघ

भावा, स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता 'टक्' करतो म्हणून लगेच नवा मागवू नकोस. तुझ्या कोब्रा रेप्लिकाची, म्हणजे जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारच्या नकलेची, बॉडी फायबरची, तिच्यातून करंट जात नाही. सगळा भार इंजिन-चॅसिसमधल्या अर्थ केबलवर. माझ्या गाडीत ठाण्याच्या एका पावसाळ्यात त्या केबलच्या थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवा थर धरला होता, आणि मी शहाणा स्टार्टर बदलून बसलो! जागा घासून लख्ख कर. मग सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लाव, 9.6 व्होल्टच्या खाली गेलं तर आधी बॅटरीवर संशय घे.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवणारच आहेस, तर फक्त प्लेट बदलायचा कंजूषपणा नको. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग एकदमच बदल. इंजिन हाताने पूर्ण फिरवून रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) कडेचे, स्टार्टर ज्यात अडकतो ते दात बघ. इंजिन बहुतेकदा ठरावीक जागीच थांबतं, तिथेच ते झिजतात. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग असतील तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्याला दाखव.

पार्ट घेताना गाडीचं नाव सांगू नकोस, दुकानदार नुसता हसेल. इंजिन-गिअरबॉक्सचे नंबर सांग, जुनी प्लेट सोबत ने आणि स्प्लाइन (प्लेटच्या मधल्या भोकातल्या खाचा) मोजूनच पैसे दे.