अरब विरुद्ध असिरियन : उंट अंगावर धावून येत नाही, तो पळतो

तुमचं पेन्सिलचं रेखाटन मोठं करून दोनदा पाहिलं. डावीकडून असिरियन रथ, उजवीकडून उंटांवर बसून वाकड्या तलवारी परजत येणारे पांढऱ्या झग्यातले अरब, मध्ये धूळ. पोशाख आणि शस्त्रं बरोबर आहेत का, असं तुम्ही विचारलंय. त्याकडे येतोच, पण खरी गडबड रचनेत आहे.

या लढायांची सगळ्यात तपशीलवार चित्रं, म्हणजे भिंतीवरचे दगडी शिल्पपट, आजच्या उत्तर इराकमधल्या निनवे या असिरियन राजधानीत, राजा अशुरबनिपालच्या उत्तर राजवाड्यात सापडली. ती साधारण इ.स.पू. ६४५ च्या सुमाराची असून आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत समोरासमोरची टक्कर नाही, पाठलाग आहे. एका उंटावर दोन अरब. पुढचा हातातल्या काठीने उंट हाकतोय आणि मागचा वळून पाठलाग करणाऱ्यांवर बाण सोडतोय. मागून असिरियन घोडेस्वार भाले आणि धनुष्यं घेऊन भिडलेत, उंट कोसळतायत, माणसं खाली पडलीत. दुसऱ्या पट्ट्यात छावणीतले तंबू जळतायत.

म्हणजे उंट हे इथे चढाईचं जनावर नाहीच. निसटायचं, वाळवंटात शिरायचं आणि शत्रूला पाण्यापासून लांब ओढत न्यायचं, यात अरबांची ताकद. आपल्याकडे सांडणीस्वार म्हटलं की लढवय्या नाही, लांब पल्ल्याचा जासूद आठवतो. तसंच थोडंफार. असिरियनांनाही हे कळत होतं. अशुरबनिपालचा लेख सांगतो की त्याने पाणवठ्यांवर पहारे बसवले, आणि तहानेने व्याकूळ झालेल्या लोकांनी उंट चिरून त्यांचं रक्त आणि आतलं घाण पाणी प्यायलं. लेखात बढाई भरपूर आहे हे धरूनच चाला. तरी चित्रकार म्हणून मला विचाराल तर पहारा बसलेली एक विहीर तुमच्या त्या धुळीपेक्षा जास्त बोलेल.

आता पोशाख. झगे आणि डोक्यावरचे रुमाल काढून टाका. शिल्पांत अरब कमरेच्या वर उघडे आहेत, कमरेला आखूड वस्त्र, दाढी आणि मानेवर रुळणारे केस. हातात धनुष्य. वाकडी तलवार त्या काळात शोधूही नका, ती कित्येक शतकं पुढची. असिरियनांना टोकदार शिरस्त्राण आणि पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत द्या. रथाचं चाक तुम्ही सहा आऱ्यांचं काढलंय, ते जुन्या राजांच्या काळातलं. अशुरबनिपालच्या वेळचं चाक मोठं आणि आठ आऱ्यांचं असतं.

आणि रिकीब! तुमच्या तिन्ही घोडेस्वारांचे पाय रिकिबीत आहेत. हसत नाही, मीही एका मासिकासाठी हेच केलं होतं आणि छापून आल्यावर एका वाचकाने पत्र लिहून माझी लाज काढली होती. रिकीब तेव्हा नव्हतीच. पाय मोकळे लोंबू द्या, मांड्यांची पकड दाखवा. घोड्यावर खोगीरही नको, नुसतं कापड. उंटाच्या पाठीवर लाकडी सांगाड्याचं खोगीर काढू नका. शिल्पात मदारीवर गादीसारखं काहीतरी पट्ट्यांनी आवळलेलं दिसतं, तेवढंच ठेवा. मदार एकच हं. दोन मदारींचे उंट असिरियन शिल्पांत आहेत, पण ते दुसऱ्या मुलखांतून आलेल्या खंडणीत.

काळ मात्र नक्की करा. अरबांचा पहिला लेखी उल्लेख इ.स.पू. ८५३ च्या, सीरियातल्या कर्करच्या लढाईचा : असिरियन राजा शाल्मनेसर तिसरा याच्याविरुद्धच्या आघाडीत गिंदिबू नावाचा अरब १,००० उंट घेऊन आला होता. तो प्रसंग काढायचा तर असिरियन घोडेस्वारही जोडीने काढावे लागतील, कारण तेव्हा एक बाण मारायचा आणि दुसरा दोन्ही घोड्यांचे लगाम धरायचा. शिवाय हे कायमचं हाडवैर नव्हतं. अरबांची राणी झबिबे हिने असिरियन राजा तिग्लाथ-पिलेसर तिसरा याला खंडणी दिली, तिच्यानंतरची समसी त्याच्याशी लढली. पुढे इ.स.पू. ६७१ मध्ये अशुरबनिपालचा बाप एसरहद्दोन याने इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा वाळवंट ओलांडताना पाणी वाहिलं ते अरब राजांच्या उंटांनी.

एक गोष्ट डोक्यात ठेवा. शिल्पांत मेलेला असिरियन शोधून सापडत नाही. चित्र जिंकणाऱ्याच्या भिंतीवरचं आहे. तुम्हाला तसं बांधून घ्यायची गरज नाही, एखादा घोडेस्वार बाण लागून पडला तर बिघडत नाही. लुटीचा प्रसंगही विचारात घ्या. अशुरबनिपालच्या त्याच लेखात म्हटलंय की उंट इतके स्वस्त झाले की माळ्याला भाजीच्या जुडीबदली उंट मिळत होता. जुडी हातात धरून उंटाकडे बघत उभा असलेला माळी मला केव्हाचा काढायचाय.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन शिल्पपट आहेत. कोरीव काम किती उथळ आहे आणि तरी दंडाचे स्नायू कसे उठतात ते बाजूने वाकून पाहा.

पुढच्या रेखाटनात मागच्या स्वारापासून सुरुवात करा. धनुष्य डाव्या हातात असेल तर तो डावीकडेच वळेल, उजव्या बाजूने मागे नेम धरायला शरीर जात नाही. घरात खुर्चीवर उलटं वळून एकदा करून बघा, खांदा कुठे अडतो ते लगेच कळेल.