सरकार क्रिप्टोवर 30 टक्के टॅक्स घेतं, म्हणजे क्रिप्टो कायदेशीर झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात खासगी नोकरी, पगार वर्षाला 11 लाख, बाजूला पडलेले 3 लाख क्रिप्टोत टाकायचे आहेत. भीती आहे ती उद्या बंदी आली तर याची. आणि चुलतभाऊ म्हणतो, "सरकार टॅक्स घेऊन राहिलं ना, मग भ्यायचं काहून?"

चुलतभाऊ अर्धा बरोबर आहे. आज भारतात क्रिप्टो घेणं, ठेवणं, विकणं गुन्हा नाही. पण टॅक्स म्हणजे परवाना नव्हे. प्राप्तिकर खातं मटक्याच्या कमाईवरही टॅक्स मागू शकतं, त्याने मटका कायदेशीर होत नाही. 2022 च्या बजेटमध्ये क्रिप्टोला सपाट 30 टक्के लावले तेव्हा त्याला लॉटरीच्या पंगतीत बसवलं, शेअरच्या नव्हे. टॅक्स लावला म्हणजे मान्यता दिली असा अर्थ काढू नये, हे अर्थमंत्र्यांनी त्याच फेब्रुवारीत राज्यसभेत सांगितलंही होतं.

बंदीचं म्हणाल तर एकदा अर्धी बंदी येऊन गेली आहे. संविधान चौकात (जुन्या लोकांच्या तोंडी अजून आरबीआय चौकच) ज्या रिझर्व्ह बँकेची इमारत आहे, तिने 6 एप्रिल 2018 ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला ते रद्द केलं. बँकांचं नेमकं काय नुकसान झालं ते रिझर्व्ह बँकेला दाखवता आलं नव्हतं. मग 2021 चं संसदेचं हिवाळी अधिवेशन. हिवाळी अधिवेशन म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको: मोर्चे, बंद रस्ते आणि शेवटी "पुढच्या अधिवेशनात बघू". दिल्लीतही तेच झालं. खासगी क्रिप्टोचलनांवर बंदी घालणारं विधेयक कामकाजाच्या यादीत आलं, नुसत्या यादीनेच क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या इथल्या एक्स्चेंजवर भाव धाडकन आपटले, आणि विधेयक मांडलंच गेलं नाही. दोन महिन्यांत त्याऐवजी टॅक्स आला.

तेव्हापासून गाडी तिथेच उभी आहे, आणि मला वाटतं ती मुद्दाम उभी ठेवली आहे. कायदा करावा तर मान्यता दिल्यासारखं होतं, बंदी घालावी तर ती मोबाइलमधल्या वॉलेटपर्यंत पोचत नाही. मधल्या मधे सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार या टॅक्समधून 2022-23 मध्ये सुमारे 269 कोटी आणि 2023-24 मध्ये सुमारे 437 कोटी जमा झाले. म्हणून बंदीच्या चिंतेने झोप घालवू नका. तुमचे पैसे जातील ते बहुतेक दुसऱ्याच वाटांनी, आणि पहिली वाट टॅक्सचीच आहे.

समजा, तुम्ही एक कॉइन 2,00,000 ला घेतलं, 2,60,000 ला विकलं. दुसरं 1,50,000 ला घेतलं, 90,000 ला विकलं. एकीकडे 60,000 आले, दुसरीकडे तेवढेच गेले, हातात शून्य. शेअरमध्ये इथे विषय संपला असता. क्रिप्टोत पहिल्या 60,000 वर 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्क्यांनी 18,720 रुपये टॅक्स. दुसऱ्या कॉइनचा तोटा याच्यातून वजा होत नाही, पगारातून होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत धरतात; एक्स्चेंजची फी आणि फीवरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या खिशातून. भागीदारी अशी की नफ्यात सरकार तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, तोट्यात तुम्ही एकटे.

"12 लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य इथे विसरा. नव्या रेजीमची ती सूट अशा विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही. पगारावर टॅक्स शून्य येईल, क्रिप्टोचे 18,720 वेगळे भरावेच लागतील.

वर 1 टक्का टीडीएस. वरच्या उदाहरणात विक्री 3,50,000 ची, म्हणून 3,500 आधीच कापले गेले, उरले 15,220. हे 10,000 च्या वर आहे, म्हणजे अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते लागतात (जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चची 15 तारीख), नाहीतर व्याज. पगारदार माणसाला हे हप्ते माहीतच नसतात, कारण त्याचं सगळं कंपनी कापते.

1 टक्का वरवर किरकोळ दिसतो, पण तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर आहे. 1 लाख घेऊन वर्षात 50 वेळा घेतलं-विकलं आणि भाव जागचा हललाही नाही, तरी फिरवायला हाती साधारण 60,500 उरतात. बाकीचे रिटर्न भरेपर्यंत खात्याकडे. रोज ट्रेडिंग करू पाहणाऱ्याचा दम इथेच निघतो.

आणखी एक खड्डा: यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन. लोक रुपये देऊन यूएसडीटी घेतात आणि ते देऊन दुसरं कॉइन घेतात. त्यांना वाटतं, अजून विकलंच कुठे? पण यूएसडीटी हीसुद्धा कायद्याच्या भाषेत आभासी डिजिटल मालमत्ताच (व्हीडीए). ती देऊन दुसरी घेतली की हस्तांतरण झालं; टॅक्सचा हिशेब आणि टीडीएस दोन्ही लागू. वर्षाअखेर अशा दोनशे अदलाबदलींची यादी सीएसमोर ठेवली तर तो फी वाढवून सांगतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

रिटर्न आयटीआर-1 मध्ये चालत नाही. आयटीआर-2 घ्या (धंदा म्हणून करत असाल तर 3), त्यात शेड्यूल व्हीडीएमध्ये प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, दोन्ही रकमा. दर तीन महिन्यांनी एक्स्चेंजवरून व्यवहारांची फाइल उतरवून ठेवा; एक्स्चेंज बंद पडल्यावर ती मिळत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे जुने लेख वाचून कलम शोधत बसू नका. एक्स्चेंजने तुमचे व्यवहार खात्याला कळवायचे, हेही आता कायद्यात आहे.

आता नागपुरात फिरणारा सल्ला: "विदेशी ॲपवर कर, टीडीएस कापतच नाही." इतवारीत डब्बा ट्रेडिंग (शेअर बाजाराबाहेर, नोंद न होता चालणारे सौदे) काय असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रकार ओळखता यावा. डब्ब्यातही टॅक्स लागत नाही असंच वाटतं, आणि पैसे अडकले की तक्रार करायला तोंड राहत नाही. परदेशी ॲपवर नफा झाला तरी टॅक्स लागतोच, फक्त कापणारा कोणी नसतो. डिसेंबर 2023 मध्ये एफआययूने (केंद्राचं फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिट) नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि त्यांच्या वेबसाइट इथे बंद करायला सांगितलं. बायनान्सला पुढे नोंदणी करावी लागली आणि 18.82 कोटींचा दंडही झाला. म्हणून एफआययूकडे नोंदलेलंच एक्स्चेंज घ्या. मात्र ती नोंदणी मनी लाँडरिंग रोखण्यासाठी आहे. तुमचे पैसे कुठून आले यात एफआययूला रस आहे. ते कुठे गेले यात नाही.

ते कुठे जाऊ शकतात याचं उदाहरण वझीरएक्स हे इथलं एक्स्चेंज. 18 जुलै 2024 ला त्यांच्या एका मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे 2,000 कोटी रुपयांची क्रिप्टो गेली. मल्टिसिग म्हणजे तिजोरीला अनेक चाव्या, सह्या जुळल्याशिवाय उघडत नाही. पण सही करणाऱ्यांना स्क्रीनवर दिसत होतं एक आणि सही होत होती दुसऱ्यावरच. पैसे इथल्या लोकांचे, आणि फेररचनेचा खटला चालला सिंगापूरच्या न्यायालयात, एक वर्षाहून जास्त. बँक बुडाली तर ठेवीवर 5 लाखांपर्यंत विमा आहे, ब्रोकर बुडाला तर सेबीचं दार आहे. इथे ना विमा, ना लोकपाल. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं, ते चांगलंच झालं, पण तो आधार कोर्टाची पायरी चढल्यावरचा.

स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवायचं तर 12 किंवा 24 शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेटची मूळ चावी) कागदावर लिहा. फोटो नको, ईमेल नको, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं तर नकोच. पाठवताना नेटवर्क, म्हणजे कॉइन कुठल्या ब्लॉकचेनवरून जातं ते, पाहा. ट्रॉनवरचा यूएसडीटीचा पत्ता टी ने सुरू होतो, इथेरियमचा 0 आणि एक्स ने. नेटवर्क चुकलं की पैसे परत आणायला कोणी मॅनेजर नसतो. आधी थोडी रक्कम पाठवून पाहावी. आणि घरात एका माणसाला तरी कागद कुठे आहे ते माहीत असावं. नॉमिनीचा फॉर्म या वॉलेटला नसतो.

पीटूपी, म्हणजे अनोळखी माणसाकडून थेट बँकेत पैसे घेऊन त्याला कॉइन देणं, यातलं दुखणं असं: समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघतात. ज्याची फसवणूक झाली तो 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, आणि एके सकाळी पेट्रोल पंपावर यूपीआय चालत नाही. बँक म्हणते, "वरून आलंय." तिथे भांडू नका. बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोच क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलिस ठाणं, आणि रोखलेली नेमकी रक्कम. अनेकदा वादातली रक्कम 15,000 ची असते आणि बँकेने खातं अख्खं गोठवलेलं असतं. तेवढीच रक्कम रोखून (लिएन) ठेवा असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे करता येतो. सोबत ऑर्डर क्रमांक, समोरच्याचं केवायसीतलं नाव, चॅट, कॉइन पाठवल्याचा हॅश (व्यवहाराचा क्रमांक). म्हणून पीटूपी करायचंच तर पगाराच्या खात्यावर कधीही नको. आणि पाठवणाऱ्याचं नाव ऑर्डरमधल्या नावाशी जुळलं नाही तर पैसे परत करा, कॉइन सोडू नका.

वर्धा रोडवरच्या हॉटेलात चहा-समोसा देऊन महिन्याला ठरलेलं व्याज सांगणारी स्कीम ही क्रिप्टो नसते, ती जुनीच भिशी असते, नवा सदरा घातलेली. गेनबिटकॉइन नावाच्या स्कीमने महिन्याला 10 टक्के, 18 महिने, असं सांगितलं होतं. पुढे ते प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. खोट्या ॲपची एक सोपी खूण सांगतो, कारण आता ठग हाच 30 टक्क्यांचा नियम वापरतात. पैसे काढायला गेलात की ॲप म्हणतं, "आधी 30 टक्के टॅक्स आमच्याकडे जमा करा, मग विथड्रॉवल सुरू होईल." एक्स्चेंज असा टॅक्स कधीच मागत नाही. ते विक्रीतून 1 टक्का कापतं, बाकी टॅक्स तुम्ही थेट सरकारला भरता. असा मेसेज दिसला की आणखी एक रुपया न टाकता लगेच 1930.

राहिलं राजकारण. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या मतदानाला एक रात्र उरलेली असताना, प्रचारात बिटकॉइनचा पैसा वापरल्याच्या आरोपांच्या ऑडिओ क्लिपा फिरल्या; ज्यांच्यावर आरोप झाले त्यांनी ते नाकारले, आणि निकालानंतर पानठेल्यावर तो विषय निघेनासा झाला. अमेरिकेत ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये, शपथविधीच्या तोंडावर, स्वतःच्या नावाचं कॉइन काढलं. दोन दिवसांत 70 डॉलरच्या वर, एप्रिलमध्ये 10 डॉलरच्या खाली. नेत्याचं भाषण ऐकून कॉइन खरेदी करणाऱ्याला वरचा भाव मिळतो आणि विकणाऱ्याला तोच हवा असतो.

तर 3 लाख एकदम नका टाकू. एफआययूकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवर 12,000 चं बिटकॉइन घ्या, आठवड्याने विका, पैसे बँकेत परत आणा. किती फी गेली, 1 टक्का कापला का, बँकेने काही विचारलं का, सगळं वहीत लिहा. एक्स्चेंजने तिमाहीचं टीडीएस विवरण भरलं की प्राप्तिकर पोर्टलवरच्या तुमच्या टॅक्स विवरणात (आधीचं 26एएस) टीडीएसची ती शंभर-सव्वाशे रुपयांची ओळ तुमच्या पॅनवर दिसायला हवी. ती दिसेपर्यंत उरलेले 2,88,000 बँकेतच असू द्या.