गोल्फमध्ये प्रो व्हायचं म्हणतोस, तर आधी हे ऐक

बारावी झाली की लगेच प्रो, म्हणजे पैशासाठी खेळणारा व्यावसायिक गोल्फपटू, होऊ का, असं विचारलास. थांब की जरा. एकदा प्रो झालास की हौशी स्पर्धांचं दार बंद. परत हौशी व्हायचं तर अर्ज करून वाट बघत बसावं लागतं. आधी हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा तुला साधारण किती जास्त लागतात तो आकडा) शून्यापर्यंत आण.

बेळगावचा गोल्फ कोर्स तुला तोंडपाठ झालाय, हीच माझी काळजी. (२०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथं बिबट्या शिरला तरी तुला सरावाचीच पडली होती!) बेंगळुरूला, पुण्याला जाऊन अनोळखी ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) खेळ. आपल्याकडं पावसाळ्यात चेंडू चिखलात रुतून बसतोय, तेव्हा ते चार महिने घरच्या सतरंजीवर पटिंग, म्हणजे चेंडू हळूच होलमध्ये ढकलणं, घोटायचं. स्कोअर तिथंच सुधारतो, लांब ड्राइव्हनं नुसत्या टाळ्या मिळतात.

आता पैशाचं. मोठी स्पर्धा बहुतेक चार दिवसांची, ७२ होलची. दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे मागं पडलेले खेळाडू बाहेर. कट चुकला की बक्षीस शून्य, पण रेल्वे, लॉज, जेवण, कॅडी (पिशवी उचलणारा) सगळं तुझ्या खिशातनं. वर्षभराचा हा खर्च बाबांसमोर वहीत मांडून दाखव, मगच पीजीटीआयच्या (भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या) क्वालिफाइंग स्कूलचा, म्हणजे पात्रता स्पर्धेचा, फॉर्म भर. आपला गोल्फपटू अनिर्बन लाहिरी २००७ ला प्रो झाला. अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत एका फटक्यानं दुसरा आला तो २०२२ मध्ये. मधली पंधरा वर्षं मोज. आणि बी.कॉम.चा प्रवेश रद्द करू नको, तेवढं ऐक माझं.